गड्ड्यानंतरचे चार आठवडे: इंग्रजी वाचन, लेखन आणि साहित्य यांची उजळणी कशी करावी

सोलापुरातील पुष्कळ घरांत दहावीच्या अभ्यासाचा हिशेब ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेपासून मांडला जातो. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो आणि ‘गड्डा उठला की बसतोच अभ्यासाला’ असा शब्द मुले घरी देऊन ठेवतात. गड्डा उठेपर्यंत जानेवारी सरत आलेला असतो आणि परीक्षेला चार-पाच आठवडे उरतात. एवढ्या वेळात गणिताची प्रमेये किंवा विज्ञानाच्या आकृत्या कशा उजळाव्यात हे मुलांना साधारण ठाऊक असते. इंग्रजीचे पुस्तक उघडल्यावर मात्र नेमके काय करायचे ते सुचत नाही, आणि मग ती मार्गदर्शिकेतील तयार उत्तरे पाठ करू लागतात.

पाठांतराची ही वाट फार लांब नेत नाही, याचे कारण परीक्षेच्या रचनेतच आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते, उरलेले २० गुण शाळेतच दिले जातात, आणि लेखी परीक्षेत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका दिली जाते. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांवरच्या कृती दर वेळी नव्याने रचलेल्या असतात. शिवाय पूर्वी कधी न पाहिलेला उतारा, त्याचा सारांश, पत्र, आकृती किंवा तक्त्यातील माहितीचे परिच्छेदात रूपांतर, भाषांतर असे घटक असतात, ज्यांचे उत्तर कोठेही छापलेले मिळत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, या विषयात धड्यांची उजळणी दुय्यम असून स्वतःच्या चुकांची उजळणी मुख्य आहे. पुढील क्रम त्याच मतावर बेतलेला आहे. तो दहावी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असला, तरी नववीच्या किंवा अकरावीच्या विद्यार्थ्यालाही वापरता येईल.

पहिला आठवडा: आधी चुका गोळा कराव्यात

एखाद्या रविवारी सकाळी मागील कोणत्याही वर्षाची कृतिपत्रिका घ्यावी, घड्याळ लावावे आणि पुस्तक, शब्दकोश, मोबाईल यांपैकी काहीही जवळ न ठेवता ती पूर्ण सोडवावी. या प्रयत्नाला किती गुण पडतील याची चिंता करू नये, कारण ही परीक्षा नसून तपासणी आहे. सोडवलेली उत्तरे दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडून किंवा इंग्रजी चांगले असलेल्या मोठ्या भावंडाकडून तपासून घ्यावीत. तपासणाऱ्याला एकच विनंती करावी: चूक दुरुस्त करू नका, फक्त तिच्याखाली रेघ मारा. दुरुस्ती विद्यार्थ्याने स्वतः करायची आहे.

यानंतर एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक चुकीसाठी चार गोष्टी लिहाव्यात: मूळ चुकीचे वाक्य, दुरुस्त केलेले वाक्य, चूक कशामुळे झाली त्याचे एका ओळीतले कारण, आणि त्याच घडणीचे स्वतःच्या दिनक्रमातील एक नवे वाक्य. यातील तिसरा आणि चौथा भाग वगळला, तर वही निरुपयोगी ठरते. वही सजवण्याच्या भानगडीतही पडू नये. चार रंगांच्या पेनांनी नटवलेली चुकांची वही मी पाहिली आहे, आणि तिच्या मालकाच्या चुका मार्चपर्यंत जशाच्या तशा राहिल्या होत्या.

कारण शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवल्यास काम सोपे होते: आपल्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्या घरच्या भाषेच्या असतात. सोलापुरात मराठीच्या बरोबरीने कन्नड, तेलुगू आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, आणि पूर्व भागातील तेलुगूभाषक घरातून मराठी शाळेत येणाऱ्या मुलासाठी तर मराठी आणि हिंदी धरल्यावर इंग्रजी ही चौथी भाषा असते. या चारही घरच्या भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. लांब वाक्य लिहिताना आपले क्रियापद हरवते किंवा दोनदा येते, ते यामुळेच. त्यावर उपाय एकच: वाक्य सुरू करण्याआधी कर्ता कोण आणि त्याची क्रिया कोणती हे दोन शब्द मनात पक्के करावेत, ते आधी लिहावेत आणि मग बाकीचा पसारा मांडावा.

मराठीतून थेट उतरणाऱ्या काही चुका इतक्या नेहमीच्या आहेत की प्रत्येकाने त्या स्वतःच्या उत्तरात मुद्दाम शोधाव्यात. आपण ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ असे म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असे लिहितो. इंग्रजीत ‘जरी’ आणि ‘तरी’ यांपैकी एकच चालतो, म्हणून ‘बट’ काढावा लागतो. आपण ‘पाच वर्षांपासून राहतो’ असे वर्तमानकाळातच म्हणतो, त्यामुळे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहिले जाते. येथे ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हवे, कारण क्रिया मागे सुरू होऊन आजवर चालू आहे, आणि कालावधी सांगताना ‘फॉर’ तर सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ येतो. मराठीतला ‘पासून’ ही दोन्ही कामे एकटाच करतो, म्हणून हा गोंधळ होतो. ‘डिड ही वेंट’ या चुकीचे मूळ वेगळे आहे: भूतकाळ दाखवण्याचे काम ‘डिड’ने आधीच केलेले असते, म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपात, ‘गो’, असे ठेवावे लागते.

सर्वांत फसवी चूक होकार-नकाराची आहे. ‘तू काल आला नाहीस ना?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही आलो’ असे उत्तर देतो, कारण मराठीत ‘हो’ म्हणजे समोरच्याचे म्हणणे बरोबर. इंग्रजीत मात्र उत्तर प्रश्नाकडे न पाहता घटनेकडे पाहते. आलो नसल्यास ‘नो, आय डिडन्ट’ असेच म्हणावे लागते. संवादलेखनात आणि तोंडी परीक्षेत ही चूक हमखास होते.

उपपदांचे प्रकरण थोडे चिवट आहे, कारण इंग्रजीतील ‘द’ला सरळ समांतर शब्द आपल्या घरच्या भाषांत नाही. नियमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी: एकवचनी, मोजता येणारे नाम लिहिले की त्याच्या आधीची जागा रिकामी नाही ना हे पाहावे. वस्तू वाचकाला प्रथमच भेटत असल्यास ‘अ’ किंवा ‘ॲन’, ओळखीची झाल्यावर ‘द’: ‘आय सॉ अ बर्ड. द बर्ड वॉज ब्राऊन.’ ‘अ’ की ‘ॲन’ हे कानाने ठरते. ‘अवर’ या शब्दाचे स्पेलिंग एचने सुरू होत असले, तरी उच्चार स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ यूने सुरू होत असले, तरी कानाला ‘य’ ऐकू येतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’.

वाचन: एकच उतारा, पण पाच वेळा

आकलनाच्या सरावासाठी रोज नवा उतारा घेण्याची घाई नको. आठवड्यातून तीन उतारे पुरतात, पण प्रत्येक उतारा पूर्ण पिळून काढावा. उदाहरणादाखल भैय्या चौकातील स्मारकामुळे सोलापूरकरांना परिचित असलेल्या डॉ. कोटणिसांवरील हा लहानसा उतारा घेऊ. येथे तो देवनागरीत दिला आहे. विद्यार्थ्याने तो प्रथम इंग्रजी लिपीत लिहून काढावा, म्हणजे स्पेलिंगचीही उजळणी होईल.

‘द्वारकानाथ कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर इन १९१०. इन १९३८ ही वेंट टु चायना विथ फोर अदर इंडियन डॉक्टर्स टु ट्रीट वूंडेड सोल्जर्स. ही लर्न्ड चायनीज, मॅरीड अ नर्स अँड वर्क्ड ऑलमोस्ट विदाउट रेस्ट. ही डाइड इन डिसेंबर १९४२. द अदर्स केम होम. ही डिड नॉट.’

पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नये. उतारा कोणाविषयी आहे आणि साधारण काय घडते, एवढेच पाहावे. अडलेल्या शब्दापाशी थांबू नये, कारण थांबले की धागा तुटतो आणि मूल शब्दांच्या जंगलात शिरते.

दुसऱ्या वाचनात प्रश्न आधी वाचावेत आणि मग उताऱ्याकडे यावे. सरळ माहितीचे प्रश्न येथेच सुटतात: जन्म कोठे झाला, किती डॉक्टर गेले. हा दुसरा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. उताऱ्यात ‘फोर’ हा शब्द आहे, म्हणून घाईत चार असे लिहिले जाते; पण ‘फोर अदर’ म्हणजे त्यांच्याशिवाय चार, म्हणून एकूण पाच. असे एक-एक गुण ‘अदर’, ‘ओन्ली’, ‘एक्सेप्ट’, ‘ऑलमोस्ट’ यांसारख्या बारक्या शब्दांत दडलेले असतात. दुसऱ्या वाचनात या शब्दांभोवती वर्तुळ करण्याची सवय लावावी.

तिसरे वाचन सर्वनामांसाठी आणि गाळलेल्या भागांसाठी. ‘ही डिड नॉट’ हे वाक्य अपुरे दिसते, पण वाचक ते मागील वाक्यावरून ‘डिड नॉट कम होम’ असे पूर्ण करतो. ‘द अदर्स’ म्हणजे कोण, हे तीन वाक्ये मागे जाऊन शोधावे लागते. प्रत्येक ‘इट’, ‘दे’, ‘दिस’ यांपासून ज्याच्याबद्दल बोलले जात आहे त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण काढावा. कामाला पाच मिनिटे लागतात, परंतु लांब उताऱ्यात वाट चुकत नाही.

चौथे वाचन अनुमानाचे. ‘कोटणिसांचा मृत्यू कोठे झाला?’ असे विचारल्यास उताऱ्यात त्याचे थेट उत्तर नाही. तरीही बाकीचे परत आले, ते आले नाहीत आणि १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की उत्तर चीनमध्येच असे निघते. अनुमान म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे. ज्या वाक्यावर बोट ठेवता येते, तेवढेच अनुमान उत्तरात लिहावे. त्यांनी चिनी भाषा का शिकली असेल, या प्रश्नाला रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी बोलता यावे म्हणून असे उत्तर चालते, कारण ते तेथे उपचारांसाठी गेले होते हे उताऱ्यात आहे. त्यांना भाषांची आवड होती असे उत्तर चालत नाही, कारण त्याला उताऱ्यात आधार नाही. अनेक हुशार मुलांचे गुण येथे जातात: त्यांना विषयाची जास्त माहिती असते आणि ती ते उताऱ्यात घुसवतात.

पाचव्या वाचनात शब्दांकडे यावे. ‘वूंडेड’चा अर्थ ठाऊक नसल्यास आजूबाजूला पाहावे: डॉक्टर गेले, सैनिकांवर उपचार करायला गेले, म्हणजे सैनिक जखमी असणार. शब्दकोश त्यानंतर उघडावा आणि आपला अंदाज बरोबर होता का ते पाहावे. शब्द वहीत लिहिताना एकटा लिहू नये, त्याच्या कुटुंबासह लिहावा: नाम, क्रियापद, विशेषण. शब्दाचे रूप बदलण्याच्या कृती यातूनच सुटतात.

सारांशाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तो उताऱ्याकडे पाहत लिहू नये. उतारा झाकावा, कोणी विचारल्यास आपण तोंडी काय सांगू ते दोन-तीन वाक्यांत मनात जुळवावे आणि तेच लिहावे. मूळ लांबीच्या साधारण एकतृतीयांश एवढी मर्यादा पाळावी, उदाहरणे आणि विशेषणे गाळावीत, आणि स्वतःचे मत अजिबात घालू नये.

लेखन: कच्च्या आराखड्याला लाजू नये

लेखनकौशल्याच्या बाबतीत आपल्या मुलांची एक चमत्कारिक समजूत आहे की कच्चे काम करणे म्हणजे येत नसल्याची कबुली. वास्तविक विणकर मागावर बसण्याआधी ताणा लावतो. तो लावल्याशिवाय धोटा फेकत नाही. उत्तरापूर्वी तीन मिनिटे मुद्दे जुळवण्यात घालवलेला विद्यार्थी पुढील बारा मिनिटांत जेवढे नेमके लिहितो, तेवढे थेट लिहायला बसलेला पंधरा मिनिटांत लिहू शकत नाही.

परिच्छेदाचा सराव ओळखीच्या विषयापासून सुरू करावा. गड्ड्यावर परिच्छेद लिहा म्हटले की बहुतेक वह्यांत असे काही येते: ‘गड्डा इज अ फेमस फेअर ऑफ सोलापूर. इट इज व्हेरी नाइस. देअर आर मेनी शॉप्स. ऑल पीपल एन्जॉय.’ यात व्याकरणाची मोठी चूक नाही, तरी उत्तर पोकळ आहे, कारण हीच चार वाक्ये गावाचे नाव बदलून कोणत्याही जत्रेला लावता येतात. आता हे पाहावे: ‘ॲट सिक्स इन द ईव्हनिंग, द ग्राउंड स्मेल्स ऑफ हॉट ऑइल अँड डस्ट. माय ग्रँडमदर वॉक्स पास्ट द जायंट व्हील विदाउट लुकिंग अप, बिकॉज शी हॅज कम टु बाय ओन्ली वन थिंग, ॲन आयर्न पॅन.’ शब्द अवघड नाहीत. फरक एवढाच की लिहिणाऱ्याने तव्यासाठी आलेली आजी पाहिली आहे. परिच्छेदात एक मुख्य वाक्य हवे, त्याला आधार देणाऱ्या तीन-चार गोष्टी हव्यात, आणि त्यांतील निदान एक अशी हवी की जी फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक असेल. सरावासाठी ‘नाइस’, ‘गुड’, ‘ब्युटिफुल’ आणि ‘व्हेरी’ हे चार शब्द महिनाभर वर्ज्य करावेत. सुरुवातीला हात अडतो, पण आठवड्यात मोकळा होतो.

औपचारिक पत्राचा साचा एकदाच पक्का करावा: पाठवणाऱ्याचा पत्ता, दिनांक, ज्याला पाठवायचे त्याचे पद आणि पत्ता, विषय, संबोधन, मजकूर, समारोप, सही. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ असे संबोधन असेल तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’, आणि नावाने संबोधले असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. ‘युवर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी नसते, हे प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहूनही ती येतेच. मजकुराचे तीन परिच्छेद करावेत: मी कोण व का लिहीत आहे, तपशील, मला नेमके काय हवे आहे. समजा, उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्यात एक दिवसाची सहल काढण्यास परवानगी मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना पत्र लिहायचे आहे. पहिल्या परिच्छेदात आम्ही दहावी अ चे विद्यार्थी असून सहलीसाठी परवानगी मागत आहोत एवढे पुरे. दुसऱ्यात दिवस, विद्यार्थ्यांची संख्या, सोबत कोणते शिक्षक, तेथे काय पाहणार. तिसऱ्यात कोणत्या तारखेपर्यंत निर्णय कळवावा ही विनंती. ‘वी शॉल बी हायली ऑब्लाइज्ड’ यांसारखी जुन्या अर्जांतली वाक्ये गाळली तरी सभ्यता कमी होत नाही. ‘वी वुड बी ग्रेटफुल इफ’ एवढे पुष्कळ झाले.

आकृतीवरून परिच्छेद लिहिण्याच्या कृतीत कर्मणी प्रयोगाची परीक्षा होते, आणि त्याचा सराव सोलापुरात राहून करणे फार सोपे आहे. चादर कशी तयार होते त्याचे टप्पे लिहावेत: सूत रंगवले जाते, वाळवले जाते, कांड्या भरल्या जातात, जकार्ड मागावर नक्षी विणली जाते, चादरी कापून घड्या घातल्या जातात. आता हे इंग्रजीत उतरवावे: ‘द यार्न इज डाइड. आफ्टर इट हॅज बीन ड्राइड, इट इज वाऊंड ऑन टु स्मॉल बॉबिन्स.’ सूत कोण रंगवतो हे येथे महत्त्वाचे नसून सुताचे काय होते हे महत्त्वाचे आहे, म्हणून हा प्रयोग वापरायचा. एवढे एकदा उमजले की ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ आणि तिसरे रूप यांचे तक्ते पाठ करण्याचा शीण उरत नाही. टप्पे जोडण्यासाठी ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘आफ्टर दॅट’, ‘फायनली’ हे शब्द वापरावेत, मात्र प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘देन’ने करू नये.

साहित्य: कविता कानाने, कथा पुराव्याने

साहित्याच्या भागाची मुलांना उगीच धास्ती वाटते. अलंकार त्यांना मराठीच्या तासाला भेटलेले असतात: सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास. मराठीत उपमेची खूण ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ या शब्दांनी पटते, तशी इंग्रजीत ‘लाइक’ आणि ‘ॲज’ या शब्दांनी पटते. तरीही ‘लाइक’ दिसला की उपमा असे समजू नये. ‘आय लाइक मँगोज’ यात कोणतीच तुलना नाही.

सरावासाठी याच लेखाकरिता रचलेल्या या चार ओळी घ्याव्यात:

द लूम इज अस्लीप, द लेक इज अवेक,
द विंड राइट्स इट्स नेम ऑन द वॉटर;
द लॅम्प वेट्स अप फॉर द वीव्हर्स सेक,
अँड सो डझ द वीव्हर्स डॉटर.

कविता प्रथम दोनदा मोठ्याने वाचावी. त्यानंतर तिचा साधा अर्थ मराठीत सांगून पाहावा: माग निजला आहे, तळे जागे आहे, वारा पाण्यावर आपले नाव लिहितो आहे, विणकराच्या वाटेकडे दिवा डोळे लावून बसला आहे, आणि त्याची लेकही. हे सांगता आल्याशिवाय अलंकाराकडे वळू नये.

यमकाची रचना शोधताना ओळीचा शेवटचा शब्द डोळ्यांनी न पाहता कानाने ऐकावा. ‘अवेक’ आणि ‘सेक’ जुळतात. ‘वॉटर’ आणि ‘डॉटर’ यांची स्पेलिंगे अगदी निराळी असूनही उच्चार जुळतो. म्हणून रचना ए, बी, ए, बी अशी होते. अनुप्रासातही हाच न्याय. पहिल्या ओळीत ‘लूम’ आणि ‘लेक’ यांत, तिसरीत ‘वेट्स’ आणि ‘वीव्हर्स’ यांत अनुप्रास आहे. दुसऱ्या ओळीतील ‘विंड’ आणि ‘राइट्स’ हे दोन्ही शब्द डब्ल्यूने सुरू होतात, पण ‘राइट्स’मधील डब्ल्यू मुका असल्यामुळे त्या दोघांत अनुप्रास नाही.

चेतनगुणोक्ती चार ठिकाणी आहे: निजणारा माग, जागे तळे, लिहिणारा वारा, वाट पाहणारा दिवा. एवढे लिहिले की अलंकार ओळखला. परंतु रसग्रहण अजून झालेले नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न स्वतःला विचारावा: या अलंकाराने काय साधले? येथे निर्जीव वस्तू आधी जाग्या होतात, आणि सर्वांच्या शेवटी, अर्ध्या ओळीत, खरी जागणारी मुलगी येते. दिव्याचे जागणे वाचून आपण तयार झालेलो असतो, म्हणून मुलीचे जागणे न सांगता कळते. शेवटची ओळ लहान आहे, तेही उगीच नाही. अशी दोन वाक्ये ज्या उत्तरात असतात ते उत्तर तपासणाऱ्याला वेगळे दिसते, मग इंग्रजी कितीही साधे असो.

विषय आणि आशय यांत नेहमी गल्लत होते. या ओळींचा विषय आहे विणकराच्या घरची रात्र. आशय असा की कष्ट करणाऱ्या माणसामागे घर वाट पाहत असते. विषय एका शब्दात सांगता येतो, आशय सांगायला वाक्य लागते. उत्तरात ‘थीम’ विचारली असेल आणि आपण एकच शब्द लिहिला असेल, तर ते अपुरे आहे असे समजावे. विणकर कोठे गेला आहे, हे कवितेने सांगितलेले नाही. माग थांबला म्हणून तो दुसरीकडे कामाला गेला असेल, किंवा माल पोहोचवायला गेला असेल. दोन्ही अर्थ मांडता येतात, फक्त ‘मे’ किंवा ‘परहॅप्स’ वापरून मांडावेत.

कथा किंवा गद्य पाठ यांच्यासाठी प्रत्येक पात्रामागे अर्धे पान पुरते. पात्र काय बोलते, काय करते आणि इतर त्याच्याविषयी काय म्हणतात, हे तीन भाग करावेत आणि प्रत्येकासमोर पाठातील एक नेमका प्रसंग लिहावा. ‘ही इज काइंड’ असे विधान केले की लगेच ‘बिकॉज’ यायला हवा, आणि त्याच्यापुढे विशेषण न येता प्रसंग यायला हवा. कथा कोण सांगत आहे हेही पाहावे: ‘आय’ म्हणून सांगणाऱ्याला इतरांच्या मनातले कळत नाही, म्हणून त्याच्या सांगण्यावर थोडा संशय ठेवायची मुभा वाचकाला असते. बाकी कथानकाचा सारांश पाठ करण्यात वेळ घालवू नये. पाठ दोनदा वाचला की तो आपोआप लक्षात राहतो.

भाषांतर आणि तोंडी परीक्षा

भाषांतराच्या कृतीत शब्दाला शब्द लावण्याचा मोह टाळावा. इंग्रजी म्हण मराठीत आणताना आपल्याकडे त्या अर्थाची म्हण आहे का ते आधी पाहावे, नसल्यास साध्या वाक्यात अर्थ सांगावा. वाक्य लिहून झाल्यावर ते घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. ते ऐकताना आजीच्या कपाळाला आठी पडली, तर मराठी बिघडली आहे.

तोंडी परीक्षेसाठी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि आठवड्यातून दोनदा ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकायला कोणालाच आवडत नाही, तरी ऐकावा. आपल्या देवनागरी सवयीमुळे व्ही आणि डब्ल्यू यांचा उच्चार एकच होतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आरशासमोर ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ असे वीस वेळा म्हटले की फरक जिभेवर बसतो. घरचे हसतील, त्यांना हसू द्यावे.

शेवटचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही सुरू करू नये. पहिल्या रविवारी सोडवली होती तीच कृतिपत्रिका पुन्हा, तेवढाच वेळ लावून सोडवावी आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. ज्या चुका नाहीशा झाल्या त्यांची पाने वहीत दुमडून ठेवावीत. ज्या दोन्ही वेळा झाल्या, त्यांच्याकडेच आता पाहायचे आहे. बहुतेकांच्या बाबतीत त्या पाच-सहापेक्षा जास्त उरत नाहीत. त्या एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात आणि सकाळी दात घासताना दिसतील अशा ठिकाणी चिकटवाव्यात.

परीक्षेच्या दिवशी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या वेळात संपूर्ण उत्तरपत्रिका सुरुवातीपासून वाचण्याचा प्रयत्न करू नये, कारण थकलेल्या डोळ्यांना लिहिलेले न दिसता लिहायचे होते तेच दिसते. त्याऐवजी त्या कागदावरची एकेक चूक आठवावी आणि फक्त तीच शोधत पाने उलटावीत: एकदा उपपदांसाठी, एकदा ‘डिड’नंतरच्या क्रियापदांसाठी, एकदा ‘ही’ आणि ‘शी’नंतरच्या क्रियापदाला एस लागला आहे का हे पाहण्यासाठी. वेळ उरल्यास लेखनकौशल्याची उत्तरे शेवटच्या वाक्याकडून पहिल्या वाक्याकडे, उलट्या क्रमाने वाचावीत. अर्थाचा ओघ तुटल्यामुळे प्रत्येक वाक्य सुटे उभे राहते आणि त्यातला हरवलेला कर्ता किंवा राहिलेले क्रियापद चटकन नजरेस येते.